पूर ओसरल्यावर वस्तीत काय विचारायचं, काय लिहून ठेवायचं, पुढचं कसं ठरवायचं

नागपूर, २२ सप्टेंबर २०२३ ची रात्र. महालक्ष्म्यांचं जेवण आटोपलं होतं, पाहुण्यांपैकी निम्मे मुक्कामालाच थांबले होते, ओट्यावर मोठे गंज पालथे घालून ठेवले होते. मध्यरात्रीनंतर जो पाऊस लागला तो थांबेचना. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठ सोडून घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, तिकडे पार सीताबर्डीपर्यंत पाणीच पाणी. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या. आमची वस्ती त्याच नदीच्या काठची.

पाणी उतरलं, चिखल राहिला. पुढच्या चार दिवसांत आमच्याकडे मदतीचा एवढा ओघ आला की गणपतीच्या मांडवात पाय ठेवायला जागा उरली नाही. जुन्या साड्यांची गाठोडी, बिस्किटांचे खोके, पाण्याच्या बाटल्या. आणि त्याच वेळी मागच्या गल्लीत एक आजोबा दोन दिवस रक्तदाबाच्या गोळ्यांवाचून बसले होते. त्यांना काय हवं ते कोणी विचारलंच नव्हतं. आम्हीही नाही.

तेव्हापासून आमच्या पाचसहा जणांच्या गटाने एक पद्धत बसवली. पहिल्यांदाच अशा कामात पडणाऱ्यांसाठी ती इथे लिहितो आहे: गणेश मंडळाची पोरं, बचत गटाच्या ताया, सोसायटीचे सचिव, कॉलेजची मुलं. सरकारी यंत्रणा तिचं काम करते. पण कोणाच्या घरी कोण राहतं, कोणाचं पोट कशावर चालतं, हे वस्तीतल्या माणसालाच माहीत असतं. ती माहिती वेळेवर कागदावर आली नाही तर पुढचे सहा महिने भोवते.

आधी जमवून ठेवा

- दोनशे पानी वही आणि बॉलपेन. शाईचं पेन नको, ओल्या हातांनी अक्षर पसरतं. मोबाइलवरचा फॉर्म चांगलाच, पण चार्जिंग कुठे करणार? पहिले दोन दिवस वहीच कामी येते.
- मोजपट्टी (टेलरची नाही, मिस्त्रीची स्टीलची टेप) आणि जाड मार्कर किंवा ऑइलपेंटचा छोटा डबा
- गमबूट, रबरी हातमोजे, टॉर्च, पॉवर बँक
- गल्ल्यांचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर प्रत्येक दाराला नंबर
- प्लास्टिकच्या झिपच्या पिशव्या, भरपूर
- फोन नंबर : आपत्कालीन ११२, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्य नियंत्रण कक्ष १०७०, वीज तक्रारीसाठी महावितरणचा १९१२. यांच्या जोडीला तुमच्या मनपा झोनचा नंबर. नागपुरात दहा झोन आहेत. आपण कोणत्या झोनमध्ये येतो हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

१. घरात पाय ठेवण्याआधी

मेन स्विच बंद असल्याची खात्री होईपर्यंत कोणालाही आत जाऊ देऊ नका. मीटरपेटीत पाणी गेलं असेल तर हात न लावता वायरमन बोलवा. फ्रिज, कूलर, मोटर बाहेरून कोरडे दिसले तरी आतून ओले असतात. कुठल्याही काडीच्या किंवा बटणाच्या आधी सिलिंडरचा रेग्युलेटर काढा आणि खिडक्या उघडा. माती भरलेल्या कोपऱ्यात, उलटलेल्या दिवाणाखाली काठी आपटल्याशिवाय हात घालू नका. नदीकाठी साप येतातच.

पाण्यात बुडालेली गाडी किंवा स्कूटर सुरू करून पाहू नका. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली की इंजिन आतून मोडतं, आणि तो खर्च द्यायला विमा कंपनी नकार देऊ शकते. आमच्या गल्लीत तिघांनी हेच केलं. गाडी ढकलत बाजूला घ्या, फोटो काढा, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. झाडू हातात घेण्याआधी फोटो काढा. घर पाहून जीव कासावीस होतो, कधी एकदा चिखल बाहेर काढतो असं होतं, पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत तुमचं घर स्वच्छ झालेलं असतं. दारातून एक फोटो, प्रत्येक खोलीचे दोन, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा एक, आणि प्रत्येक बिघडलेल्या वस्तूचा एक. घराचा नंबर पाटीवर किंवा कागदावर लिहून तो फोटोत येईल असा धरा. मग खुशाल धुवा.

२. माणसं वाटून घ्या

दोघादोघांच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीत एक तरी बाई असू द्या. घरातला पुरुष फ्रिज, टीव्ही, गाडी सांगतो. बाईला बाईनेच विचारलं तर सॅनिटरी पॅड, बाळाचं दूध, ओले गहू, आडोशाची न्हाणी असल्या गोष्टी बाहेर येतात. एका जोडीकडे तीस ते चाळीस घरं पुष्कळ झाली. जास्त दिली की शेवटच्या दहा घरांत लोक उभ्याउभ्याच विचारून निघतात.

काम सुरू करण्याआधी झोन कार्यालयात आणि तलाठी कार्यालयात तोंडी सांगून या. परवानगी म्हणून नाही, पण तेच लोक दोन दिवसांनी तुमच्या गल्लीत येणार असतात आणि तयार यादी असलेला माणूस त्यांनाही हवाच असतो.

३. पाण्याची खूण मोजा

हे काम लोक सोडून देतात, आणि पुढच्या आराखड्याचा पाया तर हाच असतो. पाणी उतरल्यावर भिंतीवर तपकिरी रेघ राहते. दोनतीन दिवसांत ती पुसट होते, नंतर चुना-रंगात जाते. तिच्याखाली मार्करने आडवी रेघ मारा, तारीख लिहा आणि जमिनीपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून वहीत टाका. रस्त्यापासूनची उंची वेगळी लिहा, कारण एका घराला तीन पायऱ्या असतात, शेजारच्याला एकही नसते.

त्यासोबत तीन प्रश्न विचारा. पाणी किती वाजता आलं? किती तास राहिलं? आलं कुठून?

तिसऱ्या प्रश्नावर रेंगाळा. आम्ही आधी गृहीत धरलं होतं की सगळीकडे नदीच आली. विचारत गेलो तेव्हा कळलं की वरच्या बाजूच्या एका अख्ख्या ओळीत पाणी दारातून शिरलंच नव्हतं. ते न्हाणीतून आणि संडासातून उलटं वर आलं होतं. तिथल्या एक काकू म्हणाल्या, "दार तं बंदच होतं न बाबू, मोरीतूनच गुडगुड आवाज येऊन राहिला होता." म्हणजे त्या ओळीचं दुखणं गटारलाइनचं. नदीची संरक्षक भिंत दहा फूट उंच केली तरी त्यांच्या घरात पाणी येणारच. त्यांना हवी आहे उलटं पाणी रोखणारी झडप आणि मोकळी चेंबरं. नदीकाठच्या ओळीचा उपाय निराळा. एकाच वस्तीत दोन वेगळे पूर आले होते आणि ते फक्त मोजपट्टी व प्रश्नांनी समजले.

४. घरोघरी विचारा, पण आधी घरं नीट मोजा

आमची पहिली यादी चुकली होती. आम्ही फाटकं मोजली. एका फाटकामागे पुढे मालक, मागे दोन भाडेकरू, जिन्याखाली चौकीदाराचं कुटुंब, तळघरात शिकायला आलेली चार मुलं असतात, हे ध्यानातच घेतलं नाही. सगळ्यात खाली राहणाऱ्यांचंच सगळ्यात जास्त भिजलं होतं, आणि यादीत तेच नव्हते. म्हणून चूल हे एकक धरा : जितक्या चुली तितके अर्ज. पाहुण्यांचा रकाना वेगळा ठेवा. सणाची रात्र असेल तर घरात झोपलेली माणसं आणि घरात राहणारी माणसं यांचा आकडा जुळत नाही.

प्रत्येक चुलीकडे एवढं लिहून घ्या:

- कुटुंबप्रमुखाचं नाव, फोन, मालक की भाडेकरू
- माणसं किती. त्यात पाच वर्षांखालची मुलं, साठीच्या वरचे, गरोदर किंवा बाळंतीण, अपंग, अंथरुणाला खिळलेले
- रोजचं औषध कोणाला लागतं आणि ते आज हाताशी आहे का
- आज रात्री झोपणार कुठे, शिजवणार कशावर
- पिण्याचं पाणी कुठून येतं आहे, संडास वापरण्याजोगा आहे का
- पोट कशावर चालतं आणि त्यासाठी लागणारं काय बिघडलं
- कागदपत्रं : कोणती वाहून गेली, कोणती भिजली
- शेवटी, कोऱ्या रकान्यात: "आज एकच गोष्ट मिळणार असेल तर कोणती हवी?"

हा शेवटचा प्रश्न टाळू नका आणि त्याचं उत्तर तुमच्या शब्दांत न लिहिता त्यांच्याच शब्दांत लिहा.

मागच्या खोलीत राहणारी एक ताई ब्लाउज शिवते. आम्ही गेलो तेव्हा ती शिलाई मशीन उलटं करून बॉबिनच्या खाचेतली माती टाचणीने काढत होती. तिला धान्याची किट देऊ केली. तिने ठेवून घेतली, पण त्या एका गोष्टीच्या प्रश्नावर म्हणाली, "मशीनचं तेल द्या न भाऊ, आणि कोणी दुरुस्तीवाला असला तं पाठवा." मग हळूच खाटेखालचं गाठोडं ओढून दाखवलं. महालक्ष्म्यांच्या आधी शिवायला आलेली आणि पूर्ण न झालेली गिऱ्हाइकांची कापडं. एकाचा रंग दुसऱ्याला लागलेला. कापड दुसऱ्याचं, भरपाई द्यायची तिने. सरकारी पंचनाम्याच्या कुठल्याच रकान्यात हे नुकसान बसत नाही. पण तिच्यासाठी पुराचं खरं नुकसान ते होतं. आम्ही आमच्या फॉर्मात "दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असताना बिघडली का" हा रकाना तेव्हा घातला. इस्त्रीवाला, मोबाइल दुरुस्तीवाला, ड्रायक्लीनवाला, सगळ्यांकडे त्यात काही ना काही निघालं.

नेहमी सुटणारी माणसं कोण? पूर आल्यावर नातेवाइकांकडे गेलेली आणि दाराला कुलूप असलेली कुटुंबं. दिवसा कामावर असणाऱ्या धुणीभांडीवाल्या बाया. एकटे म्हातारे, जे "आमचं ठीक आहे, दुसऱ्यांचं पाहा" म्हणून दार लावून घेतात. त्यांच्याकडे संध्याकाळी पुन्हा जा, बसा, पाणी मागा. पाणी आणायला उठले की घराची अवस्था आपोआप दिसते.

आणि आश्वासन देऊ नका. "पैसे कधी मिळतील" असं हमखास विचारतात. आपण सरकार नाही हे स्पष्ट सांगा, नाहीतर पुढच्या वेळी दार उघडत नाहीत.

५. पंचनामा

पंचनामा म्हणजे महसूल किंवा मनपाच्या कर्मचाऱ्याने जागेवर येऊन नुकसान पाहून, पंचांच्या सह्यांनिशी लिहिलेली नोंद. पुढची सगळी शासकीय मदत याच कागदावरून चालते. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते. त्या रात्री आपल्याकडे त्याच्या बराच वर पाऊस होता, त्यामुळे तो वाद नव्हता. वाद झाला तो कोणाचं नाव आलं आणि कोणाचं राहिलं यावर.

२०२३ मध्ये सरकारने पाणी शिरलेल्या घरांना १० हजार रुपये, दुकानांना ५० हजारांपर्यंत आणि टपऱ्यांना १० हजार रुपये मदत जाहीर केली होती. हा त्या घटनेपुरता निर्णय. केंद्राचे आपत्ती निवारणाचे निकष वेगळे असतात. २०२२ ते २०२६ साठी ठरलेल्या निकषांत सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, आणि किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला साडेसहा हजार रुपये होते. म्हणून दर वेळी आधी तहसील कार्यालयात किंवा झोनमध्ये चालू शासन निर्णयाची प्रत मागा. "मागच्या वेळी एवढे मिळाले होते" यावर विसंबून राहू नका.

हाताशी ठेवा:

- आधार, रेशनकार्ड
- बँक पासबुकाचं पहिलं पान. खातं चालू आहे ना, आधारला जोडलेलं आहे ना, हे आधीच तपासा. आमच्याकडे मंजूर झालेले पैसे रखडले ते बहुतेक याच कारणाने.
- घराची कर पावती किंवा वीजबिल
- दुकान असेल तर शॉप ॲक्टचा दाखला, माल खरेदीची बिलं. टपरीसाठी फेरीवाल्याचं ओळखपत्र किंवा कर्जाची कागदपत्रं
- फोटो, तारीख दिसेल असे

भाडेकरूंनो, भाडेकरार नाही म्हणून गप्प बसू नका. गॅसचं पुस्तक, त्या पत्त्यावरचं मतदार कार्ड, मुलाच्या शाळेचा बोनाफाइड, यांतलं जे असेल ते दाखवा आणि शेजारच्या दोघांना पंच म्हणून उभं करा. सामान तुमचं भिजलं आहे. घरमालकाचं नाव लागलं आणि मदत त्याच्या खात्यात गेली तर नंतर मागणं अवघड जातं, नातंही बिघडतं.

सही करण्याआधी पंचनामा वाचा. खात्याचा नंबर एकेक आकडा जुळवा. "घरात पाणी शिरले" एवढंच लिहिलं असेल आणि भिंत खचली असेल, तर तेही लिहायला सांगा. मग सही, आणि लगेच मोबाइलमध्ये फोटो. नाव सुटलं तर भांडत बसण्यापेक्षा त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी तक्रारीचा कुठेच माग राहत नाही.

भिजलेल्या कागदांसाठी थोडं थांबतो

मार्कशीट, खरेदीखत, जन्मदाखला उन्हात वाळत घालू नका आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नका. कागद आकसतो, शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून हळूहळू वाळवा. एकमेकांना चिकटलेले फोटो ओले असतानाच स्वच्छ पाण्यात सोडवा, वाळले की निघत नाहीत. आमच्याकडे एका घरात खाटेच्या नवारीवर मुलीच्या दहावी-बारावीच्या मार्कशीट पसरल्या होत्या आणि तिची आजी रात्रभर जागून त्या उलथत होती. त्या वाचल्या. नाही वाचल्या तर दहावी-बारावीच्या दुसऱ्या प्रती राज्य मंडळाच्या नागपूर विभागीय कार्यालयातून मिळतात. आधार ऑनलाइन निघतं. भिजलेल्या, फाटलेल्या नोटा बँका बदलून देतात. फेकू नका, गठ्ठा ओढून सोडवूही नका, आहे तसा घेऊन जा.

६. मदत आणि आरोग्य

यादी झाली की तिची तीन भागांत वाटणी करा : आज रात्रीच्या आत, या आठवड्यात, नंतर. औषधं, तान्ह्यांचं दूध, पाणी, झोपायला कोरडी जागा ही पहिल्यात. बाहेरून मदत देणाऱ्यांना ही यादीच पाठवा. जुने कपडे नकोत म्हणून नम्रपणे पण ठाम सांगा. वर्गवारीत माणसं अडकतात आणि शेवटी ते गाठोडं नाल्यात जातं. त्याऐवजी फावडी, खराटे, बादल्या, गाद्या, चटया, नवे अंतर्वस्त्रांचे जोड, मच्छरदाण्या मागा. भांडी मागाल तर कुकर मागा. कुकर घरी आला की बाई स्वतःची चूल सुरू करते, मग तयार जेवणाची पाकिटं लागत नाहीत.

पाण्याचा अंदाज माणशी रोज किमान १५ लिटर धरा, त्यात पिणं, स्वयंपाक, धुणं आलं. पूर शिरलेली विहीर आणि जमिनीखालची टाकी आधी उपसून, घासून घ्या. मग १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, खाली बसू देऊन, वरचं पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. आरोग्यसेवकाकडे ओटी टेस्टचं साहित्य असतं. क्लोरीन पुरेसं असेल तर पाणी पिवळसर होतं. करून मागा. ब्लीचिंग आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करू नका, विषारी वायू होतो. आमच्या इथे एका काकांना यातून दवाखान्यात न्यावं लागलं.

चिखलात उतरलेल्या ज्यांच्या पायाला जखम आहे त्यांची वेगळी नोंद ठेवा. उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, एक तापाचा आजार) होतो. पुढच्या दोनतीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगायला लावा. आठदहा दिवसांनी साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. बाहेर टाकलेलं सामान, टायर, फुटके कूलर यांत पाणी राहू देऊ नका.

७. पुन्हा जा, पंधरा दिवसांनी आणि दोन महिन्यांनी

गरजा बदलतात. पहिल्या दिवशी कोरडा टॉवेल हवा असतो, पंधराव्या दिवशी रोजगार, दोन महिन्यांनी सावकाराचा तगादा आणि भिंतीची ओल. तीच वही घेऊन त्याच घरी जा. विचारा : कमाई पूर्वीइतकी झाली का? उसने घेतले का, कोणाकडून, किती टक्क्यांनी? मूल शाळेत जातं आहे ना, की पुस्तकं भिजल्यामुळे घरी आहे? रात्री झोप लागते का?

हा झोपेचा प्रश्न आम्ही संकोचत विचारला होता. पाऊस वाजला की उठून बसणारी माणसं एकेका गल्लीत चारपाच निघाली. एक मुलगा दप्तर उशाशी घेऊन झोपत होता. अशांना मेयो किंवा मेडिकल या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात नेऊन दाखवा, सोबत कोणीतरी जा. "होईल बरं" म्हणून सोडू नका.

८. आराखडा करा, मोठ्या कागदावर, सगळ्यांसमोर

वस्तीची बैठक रविवारी संध्याकाळी ठेवा आणि बायांना खरंच यायचं असेल तर स्वयंपाकाच्या वेळेला ठेवू नका. मोजलेल्या पाणीरेषांचा नकाशा भिंतीवर लावा. आमच्या बैठकीत तोवर नुसती आरडाओरड चालली होती. नकाशा लावला तसे लोक उठून आपापलं घर शोधायला लागले आणि बोलणं मुद्द्यावर आलं.

कागदावर चार रकाने : काम, कोण करणार, कोणाकडे मागायचं, कधीपर्यंत. "नाला साफ व्हावा" हे काम नाही. "दत्त मंदिरामागच्या पुलाखालचा गाळ ३१ मेच्या आत काढणे, झोन कार्यालयाला अर्ज, पाठपुरावा मागच्या गल्लीतले दोघे" हे काम. वस्तीला स्वतः करता येणारी कामं आधी घ्या: वीजमीटर आणि स्विचबोर्ड पाणीरेषेच्या वर नेणं, मोरीला झडप बसवणं, तळघरात कोणाला झोपू न देणं, घराघरांत कागदांची पिशवी उंचावर टांगणं. मग मनपाची कामं. मग शहराची.

शहराची कामं मोठी आहेत. अंबाझरी तलाव १८७० चा, सांडव्याची वाट त्या काळच्या वस्तीला पुरेशी. नदीचं पात्र पुढे ठिकठिकाणी अरुंद होत गेलं, कडेने बांधकामं आली. २०२३ च्या पुरानंतर बाधित नागरिक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले आणि तलावाची सुरक्षितता, सांडव्यापुढचे अडथळे, नदीपात्रातलं अतिक्रमण हे प्रश्न तिथे मांडले गेले. तुमच्या मोजलेल्या नोंदी अशा ठिकाणी लागतात. "खूप पाणी आलं होतं" यापेक्षा "घर क्रमांक अमुक, १३२ सेंटिमीटर, पहाटेपासून सात तास" हे ऐकून घ्यावंच लागतं. कामं कुठवर आली हे कळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. प्रश्न नेमका ठेवा : कोणतं काम, किती निधी, कंत्राटाची मुदत.

घरं हलवण्याचा विषय निघाला तर घाईने हो किंवा नाही म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यात नरखेड तालुक्यातलं मोवाड ३० जुलै १९९१ च्या वर्धा नदीच्या पुरात उद्ध्वस्त झालं, दोनशेहून जास्त माणसं गेली आणि गाव नव्याने वसवावं लागलं. तिथल्या जुन्या माणसांना भेटून या. नवी जागा कामापासून किती लांब पडते, शाळा कुठे, शेजार तोच राहतो का, हे प्रश्न त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहेत.

९. पुढच्या पावसाआधी

मेच्या शेवटच्या आठवड्यात वही काढा. फोन नंबर बदललेत का पाहा, नवे भाडेकरू जोडा, गेलेल्यांची नावं काढा. प्रत्येक गल्लीत रात्री फोन उचलणारे दोन जण ठरवा : एक नदीकडच्या टोकाला, एक वरच्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोण उचलणार, कोणत्या घराच्या वरच्या मजल्यावर नेणार, हे नावानिशी लिहा आणि त्या मजल्यावरच्या घराला आधी विचारून घ्या. आमच्याकडे त्या आजोबांसाठी समोरच्या फ्लॅट स्कीममधला पहिला मजला ठरला आहे. त्यांच्या गोळ्यांची एक पट्टी तिथल्या काकूंच्या फ्रिजवर डब्यात ठेवलेली असते आणि दर तीन महिन्यांनी तारीख पाहून बदलतो.

कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर आम्ही ऑइलपेंटने २०२३ ची पाणीरेघ ओढली आहे. दर जूनमध्ये ती पुन्हा रंगवतो. मागच्या वर्षी नव्याने राहायला आलेल्या एका जोडप्याने ती पाहून विचारलं आणि त्याच आठवड्यात त्यांनी इन्व्हर्टर खालून काढून माळ्यावर चढवला.